सरळ उभ्या चाकाचं माप

सकाळी दुधाची पिशवी घेऊन फाटक उघडलं आणि मी जागच्या जागी थिजलो. अंगणात लेकीची गाडी होती, पण ती उभी नव्हती. ती बसलेली होती. चारही चाकं मडगार्डच्या पोटात शिरली होती आणि पुढचा बंपर फरशीपासून जेमतेम वीतभर वर होता. आदल्या सकाळी ती कामावर गेली तेव्हा हीच गाडी चारचौघींसारखी होती. संध्याकाळी मी शेजाऱ्यांकडे बुद्धिबळात अडकलो होतो, त्यामुळे ती परतताना पाहिलीच नव्हती, आणि रात्री घरी येताना व पहाटे दुधाला जाताना अंधारात लक्ष गेलं नव्हतं. चारही स्प्रिंगा एकदम तुटल्या, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

झाशीच्या रेल्वे कारखान्यात मी चौतीस वर्षं चाकांचं काम केलं. मालगाडीच्या वॅगनची चाकं मोजायची, झिजली असतील तर लेथवर चढवायची, पुन्हा मोजायची आणि मग पास करायची. स्प्रिंग तुटलेली वॅगन अशीच खाली बसते. तिच्या अंगावर खडूने ‘सिक’ लिहायचं, म्हणजे आजारी, आणि तिला बाजूला काढायचं. त्या सकाळी खडू हाताशी असता तर मी लेकीच्या गाडीवरही तेच लिहिलं असतं.

मी हाक मारली ती दोन घरं पलीकडे ऐकू गेली असणार. लेक ब्रश तोंडात धरून बाहेर आली, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुटलं काही नाही बाबा. मैंने करवाया है. मुद्दाम.”

मुद्दाम! माणूस चांगली चालती गाडी मुद्दाम आजारी पाडतो, हे माझ्या डोक्यात शिरेना. तिला मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र अर्ध्या वाटेवर हिंदी लागते. झाशीत वाढलेल्या आमच्या मुलांचं हे असंच. माझंही फार वेगळं नाही, फक्त मी रागावलो की शुद्ध मराठीत रागावतो. त्या दिवशी मी बराच वेळ शुद्ध मराठीत बोललो. आखूड स्प्रिंगा घातल्या की गाडी वळणावर डुलत नाही, रस्त्याला धरून चालते आणि दिसतेही छान, असं तिचं म्हणणं. बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, की मला हिच्यात बसता येईल, पण उठता येणार नाही.

लेक सत्तावीस वर्षांची आहे. शहराबाहेरच्या एका सरकारी कंपनीत तपासणीच्या विभागात आहे. दुसऱ्याने घेतलेली मापं पुन्हा घ्यायची, जुळली तरच माल पुढे सोडायचा, हे तिचं रोजचं काम. ही मुलगी माझ्याच वळणावर गेली म्हणून मी चारचौघांत मिरवत असे, तोंडावर मात्र कधी बोललो नाही. आता त्याच मुलीने गाडीचं हे असं करून ठेवलं होतं. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना तिनेच विषय काढला. गाडी खाली बसल्यावर जुनी पंधरा इंची चाकं त्या खोबणीत पोरकी दिसतात, तिला सोळा इंची अलॉय चाकं आणि जरा रुंद टायर हवे होते. पण गाडी आधीच खाली आलेली, कुठला टायर घासेल आणि कुठला बसेल हे नेमकं कळत नव्हतं. ती भाताकडे बघत म्हणाली, “बाबा, तुम्ही मोजून द्याल?”

निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत कोणी मला काहीही मोजायला सांगितलं नव्हतं. बायकोने एकदा पडद्यांसाठी खिडकी मोजली, तीसुद्धा स्वतःच्या साडीच्या काठाने. माझी पोलादी टेप फडताळात पडून होती. मी तोंडावर काही दिसू दिलं नाही, बघू म्हणालो, आणि हात धुऊन थेट फडताळ उघडलं. राग कुठे गेला ते माझं मलाच कळलं नाही.

पहिला धक्का टायरवरच्या आकड्यांनी दिला. गाडीच्या जुन्या टायरवर लिहिलं होतं १८५/६० आर १५. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. लेकीने समजावलं, की १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे रबराच्या भिंतीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या साठ टक्के. आणि १५ हा आतल्या चाकाचा व्यास, तोही इंचात. मी आ वासून ऐकत राहिलो. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! आमच्या कारखान्यात कोणी असा कागद भरला असता तर साहेबांनी तो कागद आणि माणूस दोघांनाही परत पाठवलं असतं. आमच्याकडे एका आसावरच्या दोन चाकांत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक चालत नसे. आणि इथे सगळं जग ही खिचडी घेऊन हमरस्त्यावर पळतंय, हे मला साठी उलटल्यावर कळत होतं.

पण गणित ते गणितच. जुन्या टायरचा पूर्ण व्यास निघाला सहाशे तीन मिलिमीटर. तिला आवडलेला टायर होता २०५/५० आर १६. त्याचा निघाला सहाशे अकरा. म्हणजे चाक चारी अंगांनी चार मिलिमीटर मोठं आणि दोन्ही बाजूंनी दहा दहा मिलिमीटर रुंद. आता खोबणीत जागा किती उरते, एवढंच बघायचं होतं.

मोजणी मी रविवारी ठेवली. अंगणाची फरशी पाणसळ लावून तपासली. स्टिअरिंग सरळ करून चारही चाकं सुतात घेतली. मोकळ्या गाडीची मापं घेतली, मग भरलेल्या गाडीची. रेल्वेवाल्याला हे सांगावं लागत नाही, रिकामी वॅगन आणि भरलेली वॅगन ही दोन वेगळी जनावरं असतात. भरण्यासाठी मी शेजारचे माझे जुने सहकारी, त्यांची बायको आणि आमची ही अशा तिघांना मागे बसवलं. लेक स्टिअरिंगवर बसली. शेजाऱ्यांनी विचारलं, जायचं कुठे? मी म्हणालो, कुठे नाही, नुसतं बसायचं. त्यांनीही कारखान्यात उभी हयात काढलेली, ते बिचारे निमूट बसले. मी फरशीवर उताणा पडून चौदा ठिकाणी मापं घेतली.

ती मी आमच्या कारखान्याच्या पद्धतीने कागदावर मांडली. आमच्या प्रत्येक कागदाच्या तळाशी दोन सह्या असत. एक मोजणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. दुसरी सही पडल्याशिवाय चाक कारखान्याबाहेर जात नसे. सवयीने मी दोन्ही रेघा ओढल्या, ‘मोजणारा’ या रेघेवर सही केली आणि ‘तपासणारा’ ही रेघ कोरी सोडली. घरच्या अंगणात कोण कोणाला तपासणार? भरल्या गाडीतही मडगार्डच्या कडेपासून टायरपर्यंत बोटभर जागा उरत होती. मी खाली लिहिलं, २०५ बसेल.

सीपरी बाजारातल्या दुकानात गेलो तेव्हा दुकानदार भैयाने गाडी पाहिली आणि आपणहून म्हणाला, की बाबूजी, नीची गाडी आहे, हिला १९५ च घाला, जरा पतला असला की बरा. त्या टायरचा व्यास जुन्याइतकाच होता, मलाही ते गणित ठाऊक होतं. पण न मोजता एका नजरेत निकाल देणारा माणूस मला कधीच आवडला नाही. मी घडी घातलेला कागद काढून त्याच्या टेबलावर पसरला. त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला, डोकं खाजवलं आणि रेल्वेवाले बाबूजी आहात, तुम्हीच जाणा, असं म्हणून लेकीकडे पाहिलं. तिने कागदाकडे पाहिलंही नाही. म्हणाली, “बाबांनी मोजलंय. २०५ लावा.”

‘बाबांनी मोजलंय’ हे दोन शब्द मी घरी येईपर्यंत मनातल्या मनात चघळत होतो. चौतीस वर्षांच्या नोकरीच्या निरोपाला शाल-श्रीफळ मिळालं होतं, त्यापेक्षा मला हे मोठं वाटलं. खरं तेच सांगतो.

नव्या चाकांवर गाडी देखणी दिसत होती, हे मलाही कबूल करावं लागलं. दुकानदाराने रिकामी गाडी फिरवून पाहिली, कुठे काही घासलं नाही. चारच दिवसांनी बायकोच्या मावसबहिणीकडे बबीन्याला जेवायला जायचं होतं. तिचे यजमान फौजेतून निवृत्त होऊन तिथेच राहिले आहेत. शेजारचं जोडपंही आमंत्रणात होतं. म्हणजे आम्ही पाच जण, आणि डिकीत तिच्यासाठी मागवलेलं एरचच्या गव्हाचं पोतं. मी लेकीच्या शेजारी पुढे बसलो. बायको माझ्या मागे.

गल्लीच्या पहिल्याच वळणावर खालून ‘खर्र’ असा आवाज आला. लेकीने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या वळणावर पुन्हा आला. तिने विचारलं, बाबा, हे काय? आणि मी, ज्याने आयुष्यभर चाकावर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून भेग ओळखली, तो मी मागे रेलून म्हणालो, काही नाही, वळणावर चाक ओरडणारच. आमच्याकडे प्रत्येक वळणावर चाकाची कड रुळाला घासते आणि ओरडते. माझ्या कानाला तो आवाज ओळखीचा, घरचा वाटला. नवीन रबर आहे, बसेल हळूहळू, असंही मी वर जोडलं. शेजाऱ्यांनी मागून मान डोलावली. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि मागे मान डोलवायला दुसरा रेल्वेवालाच बसलेला!

बबीन्याच्या रस्त्यावर गाडी सरळ होती, आवाज बंद झाला. मी विजयाने तिच्याकडे पाहिल्याचंही मला आठवतं. बोलण्याच्या नादात आम्ही मावसबहिणीच्या घराचं वळण मागे टाकलं. पुढे दुभाजकात मोकळी जागा होती, तिथून उलटं फिरायचं होतं. पलीकडच्या बाजूने गिट्टीचा एक ट्रक येत होता, पण चांगला लांब होता. लेकीने स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं. तिथे रस्ता जरा खचलेला होता, गाडीचा सगळा भार माझ्या बाजूच्या पुढच्या चाकावर आला. खालून फाडल्यासारखा आवाज झाला, मग बंदुकीसारखा. गाडी माझ्या बाजूने खाली कोसळली आणि रस्त्यात आडवी थांबली.

मी डावीकडे पाहिलं आणि मला फक्त ट्रकचं तोंड दिसलं. बाकी काही नाही. हॉर्न वाजत होता, तो मला नंतर आठवला, त्या वेळी ऐकूच आला नाही. लेक गाडी पुढे रेटत होती, ती इंचभर सरकून पुन्हा बसत होती. मला दार उघडायचं सुचलं नाही, ओरडायचं सुचलं नाही. मागे बायको आहे, एवढंच डोक्यात होतं, आणि मान मागे वळेना. ट्रक ब्रेक दाबत, गिट्टी सांडत आला आणि बायकोच्या दारापासून दोन हातांवर थांबला.

कोणाला खरचटलंही नाही. मग बायको अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, “मला उतरायचंय.” शेजारणीने तिला धरून दुसऱ्या बाजूने उतरवलं.

ट्रकवाला उतरला. तो शिव्या देईल असं मला वाटलं, आणि त्याने त्या द्याव्यात असंही वाटत होतं. पण त्याने आधी दोन्ही बायकांकडे पाहिलं, मग उकिडवा बसून आमचं चाक पाहिलं. टायरची भिंत सुरीने कापावी तशी लांब फाटली होती. त्याने मडगार्डची आतली कड बोटाने दाखवली. ती रबर लागून काळी झाली होती, नुसती आत्ता नव्हे, गल्लीतल्या त्या प्रत्येक खर्र आवाजासरशी थोडी थोडी. “बाबूजी,” तो म्हणाला, “जो तो मोड़त में कटो है.”

मोड़त में. वळताना. मी त्या चाकाकडे पाहिलं. स्टिअरिंग अजून पूर्ण वळलेलं होतं आणि चाक खोबणीत तिरकं उभं होतं, मागची कड मडगार्डच्या बाहेर आलेली. मी ते असं तिरकं कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे रस्त्यावर रोज पाहिलं असणार, डोळ्यांनी, पण मोजताना नाही. आमच्या वॅगनचं चाक आसाला घट्ट बसवलेलं असतं. ते जन्मात कधी स्वतः डावीकडे-उजवीकडे वळत नाही, वळतो तो रूळ. चौतीस वर्षं मी सरळ उभी चाकं मोजली, आणि लेकीच्या गाडीचंही सरळ उभं चाकच मोजलं. रिकामी गाडी मोजली, भरलेली मोजली, पाणसळ लावली, चौदा ठिकाणी टेप धरली. चाक वळवून पाहायचं तेवढं राहिलं.

मी लेकीला म्हणालो, “मी चाक वळवून पाहिलंच नाही.”

ती रस्त्याच्या कडेला उभी होती, चेहरा पांढराफटक. तिने एकदा आईकडे पाहिलं. “मी रोज सगळ्यांचं माप दुबारा घेते,” ती म्हणाली. “तुमचंच नाही घेतलं. तुम्ही मोजलं होतं ना.”

ती माझ्यावर ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर तिने जुनी चाकं परत चढवली आणि गाडी अंगणात उभी केली. ती कंपनीच्या बसने कामाला जायला लागली. बायकोने जाहीर केलं, की ती पुन्हा त्या गाडीत पाऊल ठेवणार नाही. मी टेप फडताळात ठेवून दिली. जेवताना आम्ही भाजीपाल्यावर बोलायचो. शेजारी एकदा येऊन म्हणाले, की चूक त्यांचीही होती, त्यांनाही सुचलं नाही. त्यांचं म्हणणं खरंच होतं, पण मला त्याने बरं वाटलं नाही. मला काय खात होतं ते स्पष्टच सांगतो. बायकोच्या दारापासून तो ट्रक किती अंतरावर थांबला हे तर खात होतंच. पण त्याच्या जोडीने, लाज वाटते सांगायला, हेही खात होतं, की लेक आता मला पुन्हा कधीही काही मोजायला सांगणार नाही.

दहाव्या दिवशी रविवार होता. ती टेप घेऊन माझ्या खुर्चीसमोर उभी राहिली. दुकानदार टायर बदलून द्यायला तयार होता, तिला १९५ घ्यायचा होता. पण आधी मोजायचं, म्हणाली. मी म्हणालो, तूच मोज, माझ्या मापाचं काय झालं ते पाहिलंस.

“तुम्ही मोजा,” ती म्हणाली. “मग मी मोजते.”

मला ते झोंबलं. चूक माझी, आणि झोंबलंही मलाच. मी विचारलं, “म्हणजे माझ्यावर विश्वास राहिला नाही?”

“विश्वास होता बाबा,” ती म्हणाली, “म्हणूनच तर टायर फाटला.”

माझ्या हजारो कागदांवर माझ्या सहीखाली दुसऱ्या कोणाची सही होती. मला त्याचा कधी अपमान वाटला नव्हता, उलट त्या सहीच्या जोरावरच मी घरी येऊन शांत झोपत होतो. आणि पोटच्या पोरीने तीच सही करायची म्हटल्यावर मला मानापमान सुचत होता. मी उठलो आणि टेप घेतली.

शेजारचे दोघं आले, निमूट मागे बसले. गव्हाचं पोतं नव्हतं, म्हणून डिकीत आणि माझ्या पुढच्या जागेवर पाण्याचे कॅन भरले. मागची डावी जागा रिकामी राहिली. मी बायकोला हाक मारली नाही, मारणारही नव्हतो. ती आपणहून बाहेर आली, हातात मटारची परडी. गाडीकडे बघत क्षणभर थांबली. मग साडी सावरून आपल्या त्याच जागेवर बसली आणि म्हणाली, “मी बसते. पण या वेळी नीट मोजा.”

लेकीने स्टिअरिंग पूर्ण वळवलं. चाक तिरकं झालं. मी फरशीवर उताणा पडून मडगार्डची कड आणि टायर यांच्यामध्ये टेप सरकवली, नव्या टायरचा हिशेब त्यात धरला आणि कागदावर बारा लिहिलं. मग लेक उतरून माझ्या शेजारी फरशीवर पडली, तिने मोजलं आणि म्हणाली, नऊ. मी पुन्हा मोजलं. नऊच होतं. माझा हात हलला होता. तिलाही ते दिसलं असणार, टेपचं दुसरं टोक तिने धरून ठेवलं.

मी बारा खोडून नऊ केलं आणि सही करून कागद तिच्याकडे सरकवला. तिने दुसऱ्या रेघेवर सही केली. गाडीतून बायकोने विचारलं, झालं का? मी म्हणालो, एका बाजूचं झालं, दुसऱ्या बाजूचं राहिलंय, तू बसून राहा. ती मटार सोलत बसून राहिली.